नुसतं बघायचे पैसे

गाडीचं दुखणं सांगताना माणसं खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. ‘पिकअप गेलाय.’ ‘मिसिंग करते.’ ‘रेस दिली की नुसती ओरडते, ओढत नाही.’ ‘अ‍ॅव्हरेज पार पडलंय.’ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात ही वाक्यं दिवसभर कानावर पडतात आणि तिथले मेस्त्री प्रत्येकाला उलट एकच विचारतात, ‘‘कवा?’’ गार इंजिनावर की तापल्यावर? सपाटीला की चढाला? एकटे असताना, की घरची मंडळी आणि डिकीत सामान असताना? टाकी भरलेली असताना की काटा खाली आल्यावर? पेट्रोल भरून पंपाबाहेर पडल्या पडल्या? गिऱ्हाईक चुळबुळ करतं. टेबलावर स्कॅनर पडलेला असताना हा माणूस चौकशा का करत बसलाय, हे त्याला उमगत नाही.

स्कॅनर लावायला दोन मिनिटं पुरतात. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसवला की गाडीचा संगणक बोलायला लागतो. अडचण एवढीच, की तोही अर्धंच बोलतो.

फाइल घेऊन आलेले सर

गडहिंग्लजकडचे एक माध्यमिक शिक्षक प्लास्टिकच्या फोल्डरात बिलं लावून आले होते. गाडी पेट्रोलवरची, छोटी, आठेक वर्षांची. सासरवाडी सावंतवाडीला. जाताना काही नाही, येताना आंबोली घाट चढायला लागलं की गाडी दम टाकायची. तिसऱ्यावर ओढेना, दुसरा टाकला तरी रडतखडत. मग डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. घाट संपला की गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालायची. कधी कधी मात्र तोच घाट ती हसत चढायची, आणि सरांना वाटायचं, गेलं दुखणं.

फोल्डरात तीन वेगवेगळ्या गॅरेजांची बिलं होती. पहिल्यांदा प्लग आणि एअर फिल्टर. मग सायलेन्सरच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर. मग टाकीतला पेट्रोलचा अख्खा पंप. प्रत्येक वेळी स्कॅनरने कोड तोच दाखवला होता, पी०१७१, आणि प्रत्येक वेळी तो ‘उडवला’ होता.

‘‘एवढं सगळं नवं घातलं, तरी दिवा येतोच,’’ सर म्हणाले.

‘‘व्हय की सर. पण कोड उडवायच्या आधी आतला डेटा कुणी बघितला का? फोटो बिटो?’’

कुणीच काढला नव्हता. दिवा लागतो त्या क्षणी इंजिनाची परिस्थिती काय होती, म्हणजे फेरे किती, वेग किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं, याची एक नोंद संगणक स्वतःजवळ ठेवतो. मेस्त्रींच्या ‘कवा?’चं उत्तर तिथे लिहिलेलं असतं. कोड उडवला की ही नोंदही जाते आणि इंजिनाने तोवर जे शिकून ठेवलेलं असतं तेही पुसलं जातं. गिऱ्हाईकाला दिसतं ते एवढंच, की दिवा विझला. बहुतेक बिघाडांत दिवा परत लागण्याआधी संगणक तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत खात्रीने बघतो, त्यामुळे मधले काही दिवस सगळं आलबेल वाटतं. ‘‘दिवा उडवला म्हंजे पुरावा उडवला,’’ मेस्त्री म्हणाले.

पी०१७१ चा अर्थ इतकाच, की मिश्रण लीन आहे. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कुठला पार्ट गेला हे त्यात लिहिलेलं नसतं. हवा कुठून जास्त आली, की पेट्रोल कुठे अडलं, की ऑक्सिजन सेन्सरच फसला, हे शोधायचं काम माणसाचं. सरांच्या तीन बिलांत ते काम कुणी केल्याची खूण नव्हती.

धुरासाठी जन्मलेला आकडा

हा कोड ज्या आकड्यावरून निघतो त्याला गॅरेजात ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात, आणि गंमत अशी, की तो मेस्त्रीसाठी जन्माला आलेलाच नाही. त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. कॅलटेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की शहरावर साचणारं, डोळे झोंबवणारं ते धुरकं मोटारींच्या धुरातली न जळलेली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड उन्हात एकमेकांशी भिडून तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

धूर स्वच्छ करायला सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवले गेले. त्यांतला तीन प्रकारचं विष एकाच वेळी मारणारा कन्व्हर्टर फार नाजूक निघाला. एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा, हे प्रमाण साधारण एका टक्क्याच्या आत सांभाळलं, तरच तो तिन्ही कामं करतो. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला अकरा किलोच्या आसपास हवा, आणि तिची मोजदाद टक्क्याच्या आत, दर सेकंदाला, घाटात आणि सिग्नलला सारखीच. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हे जमण्यासारखं नव्हतं.

ते जमवलं बॉश कंपनीच्या लॅम्डा सेन्सरने. झिर्कोनियाचं हे टोपण धुराच्या नळीत बसतं, तीनशे अंशांच्या वर तापलं की धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखतं आणि त्यानुसार एक बारीकसा विद्युतदाब देतं. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे मिश्रण लीन, तर साधारण ०.१ व्होल्ट, पेट्रोल जास्त असेल, म्हणजे रिच, तर ०.९ च्या आसपास. १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला आणि इंजिनाला आपण काय जाळलं हे मागे वळून बघता यायला लागलं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या गाड्यांना एकाच पद्धतीचं सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे एप्रिल १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आला, शिसं असलेलं पेट्रोल २००० साली देशभरातून बंद झालं, आणि स्वतःची तपासणी स्वतः करणारी यंत्रणा एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्यात आणि एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात लागू झाली.

हा इतिहास उद्यमनगरात उपयोगी पडतो तो असा: गाडीच्या संगणकाला पगार धुरावर लक्ष ठेवण्याचा आहे, घाट चढवण्याचा नाही. कन्व्हर्टर आतून वितळून नळी तुंबली, तर गाडी मेल्यासारखी चालेल, तरी ट्रिमचे आकडे कित्येकदा निर्मळ दिसतील. हवाच कमी आत येते, तिच्या मानाने पेट्रोलही कमी दिलं जातं आणि प्रमाण शाबूत राहतं. उलट एखादी गाडी दिवा लावून बसेल आणि मालकाला चालवताना काहीच जाणवणार नाही. ताकद आणि ट्रिम हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. दोघांना समोरासमोर उभं केल्याशिवाय निकाल लागत नाही.

रोजमेळ आणि खतावणी

इंजिनाचा संगणक आधी अंदाज बांधतो. किती हवा आत आली हे तो सेन्सरवरून काढतो, १४.७ ने भागतो आणि तेवढं पेट्रोल जावं म्हणून इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो, म्हणजे हा हिशेबही तितक्याच घाईने चालतो. मग धुरातल्या सेन्सरचं उत्तर येतं. पेट्रोल कमी पडलं असेल तर पुढच्या वेळी थोडं वाढवायचं, जास्त झालं असेल तर कापायचं. ही दुरुस्ती टक्क्यांत लिहिली जाते: अधिक म्हणजे भर घातली, उणे म्हणजे काटछाट केली.

दुरुस्त्या दोन जागी मांडल्या जातात. अल्पकालीन ट्रिम हा दुकानदाराचा रोजमेळ. क्षणाक्षणाला खालीवर होणारा. दीर्घकालीन ट्रिम ही खतावणी. रोजमेळात तीच तूट पुन्हा पुन्हा दिसली की ती तिथे कायमची चढते आणि रोजमेळ परत शून्याजवळ येतो. खतावणीत एकच पान नसतं. कमी फेऱ्या आणि कमी लोड यांचं एक, चढाचं दुसरं, अशी बऱ्याच गाड्यांत वेगवेगळी पानं असतात. खरी स्थिती कळायला दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. पाच-सात टक्क्यांची बेरीज निरोगी गाडीतही सापडते. दहाच्या पुढे गेली की शोध घ्यावा, आणि साधारण वीस-पंचवीसला बहुतेक गाड्या हात टेकून दिवा लावतात.

या रचनेतच बिघाड लपायची सोय आहे. पंप हळूहळू कमजोर होत असेल, तर संगणक महिनोन्‌महिने गुपचूप भर घालत राहतो. मालकाला काही कळत नाही, कारण कळू न देणं हेच त्या यंत्रणेचं काम. दिवा लागतो तो बिघाड सुरू झाला म्हणून नव्हे, भर घालण्याची मर्यादा संपली म्हणून.

आणि आकडे सैरभैर नाचतात ते कधी? मेस्त्रींच्या मते, बिघाड येऊन-जाऊन असतो तेव्हा. समजा पेट्रोल मधूनच कमी पडतं. संगणक शिकतो, खतावणीत अधिक अठरा टक्के मांडतो. तेवढ्यात बिघाड आपोआप सुटतो, पेट्रोल पूर्ण यायला लागतं. आता जुनी अधिक अठराची भर अंगावर येते, सेन्सर ‘रिच, रिच’ म्हणून ओरडतो आणि अल्पकालीन ट्रिम उणे सोळावर जातो. स्कॅनरवर कुणी फक्त तो उणे सोळा पाहिला, तर त्याला वाटणार, पेट्रोल जास्त जातंय, इंजेक्टर गळतोय. आजार लीनचा आणि उपचार रिचचा सुरू होणार. बेरीज केली तर दोनच उरतात, म्हणजे त्या क्षणी गाडी ठीक आहे. प्रश्न त्या क्षणाचा नाही, आधीच्या क्षणाचा आहे.

किती यापेक्षा कधी

मेस्त्रींनी हात काळे करायला सुरुवात केली तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी होत्या आणि मिश्रण प्लगच्या रंगावरून वाचलं जायचं. बिस्किटी रंग म्हणजे ठीक, पांढरट म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच. प्लगने सरासरी सांगितली, प्रसंग सांगितला नाही. ट्रिम प्रसंग सांगतो, जर प्रसंग बदलून पाहिला तर.

ज्या गाड्या आत येणारी हवा थेट मोजतात, त्यांत मोजणीच्या पुढे एखादी रबरी नळी फाटली असेल, तर न मोजलेली हवा चोरवाटेने आत शिरते. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, त्यामुळे चोरटी हवा फार मोठी ठरते आणि ट्रिम चढतो. रेस वाढवली की खरी हवा वाढते, चोरटीचा वाटा घटतो आणि ट्रिम उतरतो. उलट पंप कमजोर असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर आयडलिंगला काहीच दिसत नाही, कारण तिथे पेट्रोल लागतंच किती. चढाला मागणी वाढली की ट्रिम वर जातो. हवा मोजणारी तार धुळीने माखली असेल, तरी जास्त हवेवर ती कमी सांगते आणि चित्र पंपासारखंच दिसतं. म्हणून इथे पेट्रोलचा दाब मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा थेट मोजलीच जात नाही. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज केला जातो. तिथे नळी फाटली, तर दाब वाढतो, संगणकाला ती हवाही कळते आणि तो तिच्यापुरतं पेट्रोलही देतो. ट्रिम फारसा हलत नाही. आयडलिंग मात्र वाढतं किंवा झुलतं. परदेशी गाड्यांवर केलेले व्हिडिओ बघून आलेली पोरं इथे चकतात, असं मेस्त्री सांगतात. गाडी हवा कशी मोजते हे आधी माहीत हवं, आकडा मग वाचायचा.

सर्वांत मोठी चकवणूक मिसिंगची. एका सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर पेट्रोल न जळता बाहेर जातं आणि त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही. सेन्सर ओळखतो तो फक्त ऑक्सिजन. तो म्हणतो लीन, संगणक आणखी पेट्रोल ओततो. सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येत असतो आणि स्कॅनर सांगत असतो, पेट्रोल कमी आहे. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीचं पॅकिंग फुटलं असेल, तरी बाहेरची हवा ओढली जाऊन हाच भास होतो. आणि टाकी भरल्याबरोबर गाडी चालू व्हायला कुरकुर करत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याचा संशय घ्यायचा. ‘पेट्रोल भरून निघाल्या निघाल्या?’ हा प्रश्न त्यासाठीच होता.

उसाचा वाटा

हल्ली उद्यमनगरात प्रत्येक दुखण्याचं निदान गिऱ्हाईक घरूनच करून येतं: ‘‘हे सगळं इथेनॉलमुळं.’’ कोल्हापूर जिल्ह्यात हे म्हणणं जरा अवघडच. इथेनॉल गावच्याच उसाचं. देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२२ च्या जूनमध्ये गाठला गेला आणि मूळ २०३० साठी ठेवलेलं वीस टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्येच पूर्ण झालं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात अ‍ॅव्हरेज, रबरी सील आणि जुन्या गाड्या यांवरून वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळलं गेलं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलेलं आहे, की बिनमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल.

ट्रिमच्या भाषेत हा परिणाम नेमका मांडता येतो. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जाळायला वजनाच्या नऊपटच हवा लागते. वीस टक्के मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरतं. त्याच हवेला पुरायला, लिटरच्या मापात, बिनमिश्रित पेट्रोलच्या मानाने साडेसात टक्के आणि दहा टक्केवाल्याच्या मानाने चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ही भर संगणक मुकाट्याने घालतो.

‘‘इथेनॉल वाकडं चालत न्हाई,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘आयडलिंगला सहा, तर चढालाबी सहाच.’’ इथेनॉल सगळ्या पानांवर सारखी रक्कम मांडतं. एका पानावर सहा आणि दुसऱ्यावर चोवीस असेल, तर उरलेल्या अठराचा मालक दुसरा कुणीतरी आहे. इथेनॉलवर एक आरोप मात्र खरा: मर्यादेतली सहा-सात टक्क्यांची जागा ते आधीच अडवून बसतं. पूर्वी जो कमजोर पंप आणखी वर्षभर खपून गेला असता, तो आता लवकर उघडा पडतो.

शंका असेल तर मोजपात्रात शंभर मिली पेट्रोल आणि वीस मिली पाणी घालून हलवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि तळाचा थर फुगतो. तो चाळीसच्या आसपास थांबला, तर मिश्रण वीस टक्क्यांचं. त्याहून बराच वर गेला, तर पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त किंवा टाकीत आधीच पाणी. सरांच्या गाडीचं पेट्रोल या परीक्षेत पास झालं.

वाघबिळापासून वर

गॅरेजात उभ्या गाडीचे आकडे निरुपद्रवी होते. आयडलिंगला बेरीज सहा, रेस देऊन आठ. आयडलिंग स्थिर, नळ्या शाबूत, मिसिंगची नोंद नाही. इथवर पाहून आधीच्या गॅरेजांनी गाडी सोडली असणार. मेस्त्रींनी गाडी रत्नागिरी रस्त्याला घातली. आयटीआयमधून आलेला पोरगा स्टिअरिंगवर, शेजारी मेस्त्री स्कॅनर घेऊन, मागे सर आणि मी. ‘‘वजन पायजे,’’ हे आम्हाला बरोबर घेण्याचं कारण.

सपाटीला काही नाही. वाघबिळाला पन्हाळ्याचा फाटा घेतला, चढ लागला, तिसरा गियर, पाय निम्मा. बेरीज बारा, सतरा, एकवीस. गाडी जड झाली. ‘‘आता दाब पूर्ण,’’ मेस्त्री म्हणाले.

पूर्ण दाबाला, म्हणजे रेसचं पॅडल तळाला टेकल्यावर, संगणक वेगळा वागतो. ताकद हवी म्हणून तो सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि ठरलेल्या तक्त्यानुसार मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. अशा वेळी सेन्सरने ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवायला हवेत. गाडी ओढत नाही आणि सेन्सर ०.९ वर आहे, तर पेट्रोलला दोष देता येत नाही. तुंबलेली नळी, टायमिंग, कॉम्प्रेशन बघायचं. सरांच्या गाडीत व्होल्टेज क्षणभर वर गेलं आणि ०.१ वर कोसळलं. इंजिन उपाशी होतं. तपासाचं अर्धं मैदान या एका आकड्याने रिकामं झालं.

आणखी काही वळणांनंतर, तोच गियर, तसाच चढ, गाडीने एकाएकी ओढ घेतली. स्कॅनरवर दीर्घकालीन अधिक सतरा, अल्पकालीन उणे पंधरा. सर मागून वाकून बघत होते. ‘‘म्हणजे आत्ता चांगली आहे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आत्ता,’’ मेस्त्री म्हणाले.

परत येऊन तापल्या गाडीलाच पेट्रोलच्या दाबाचं गेज लावलं. साडेतीन बार असायला हवेत ते थोड्या वेळात सव्वादोनच्या पुढेमागे आले. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दाब एवढा उतरला की पेट्रोल जवळपास एक पंचमांश कमी जातं आणि ते भरून काढायला वीस-पंचवीस टक्क्यांची भर लागते. हिशेब तंतोतंत जुळला.

सरांचा चेहरा पडला. ‘‘पंप तर नवा घातलाय.’’

मेस्त्रींनी मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं आणि पंपाच्या कपलरला मागच्या बाजूने मीटरच्या सुया लावल्या, पंप चालू असतानाच. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाला मिळत होते ११. मधले तीनेक व्होल्ट कुठे गेले? पॉझिटिव्हच्या वाटेवर ०.२. उरलेले सगळे अर्थच्या वाटेवर, कपलरच्या एका पिनेत. कपलर काढला तर ती पिन काळी पडलेली आणि भोवतालचं प्लास्टिक करपलेलं.

हा दोष बंद गाडीत सापडत नाही. पंप ओढतो पाचेक अँपिअर. अडीच-पावणेतीन व्होल्ट खायला अर्धा ओहम अडथळा पुरतो. गार आणि बंद असताना मीटर लावला तर तो टीं करतो आणि वायर जोडलेली आहे असं सांगतो. करंट वाहिला, पिन तापली, पकड ढिली झाली, की अडथळा वाढतो. गचका बसला की पिन परत टेकते. घाटात दगा आणि कधी कधी हसत चढणं, या दोन्हींचा उलगडा इथे झाला. आधीच्या गॅरेजने पंप बदलताना नव्या पंपाला तोच जुना कपलर खोचला होता. सरांनी जपून ठेवलेला जुना पंप मेस्त्रींनी डिकीतून काढला, पेट्रोलच्या बादलीत न घालता रीतसर बंद नळीला जोडून थेट बॅटरीवर चालवला. दाब पूर्ण. गेला म्हणून काढलेला पंप गेलेलाच नव्हता.

नवा कपलर, नव्या पिना, अर्थची वायर. पन्हाळ्याच्या चढावर पुन्हा ट्रायल. पूर्ण दाबाला सेन्सर ०.८८ वर स्थिर, आणि शिकवण नव्याने बसल्यावर बेरीज सगळीकडे सहाच्या आसपास. ‘‘हे सहा उसाचं,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘ते माझ्या हातात न्हाई.’’

बिलातली पहिली ओळ

बिलात पार्टची किंमत किरकोळ होती. वरती पहिली ओळ होती ‘तपासणी’, आणि तिची रक्कम पार्टच्या कित्येक पट. या ओळीवरून या गॅरेजात रोज खटके उडतात. ‘नुसतं बघायचे पैसे?’ असं विचारणाऱ्यांत सरळ मनाची, घासाघीस न करणारी माणसंही असतात. पार्टचा खोका दिसतो, जुना पार्ट हातात मिळतो, पैसे कशाचे गेले ते कळतं. विचाराला खोका नसतो.

त्यामुळे बाजाराची घडीच अशी बसली आहे, की मेस्त्रीचं पोट पार्टवर चालतं. दुकानदाराकडून कमिशन पार्टवर, गिऱ्हाईकाकडून मजुरी पार्ट बदलण्याची. अर्धा दिवस गाडी घाटात फिरवून, मीटर लावून ‘पंप चांगला आहे’ असा निष्कर्ष काढणारा मेस्त्री या हिशेबात तोट्यात जातो. न बघता पंप बदलणारा नफ्यात. कायमच्या बिघाडात हे खपून जातं, कारण तिसरा-चौथा अंदाज कधीतरी बरोबर येतो. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडात मात्र प्रत्येक चुकीचा अंदाज काही दिवस बरोबर वाटतो. म्हणून असली दुखणी सर्वांत महाग पडतात. स्वस्त स्कॅनर घरोघर आल्याने यात फारसा फरक पडलेला नाही. कोड वाचणारे वाढले, चढावर गाडी घालून आकडा कधी बदलतो ते बघणारे तेवढेच राहिले. आणि बघण्याचे पैसे कुणी देणार नसेल, तर आयटीआयमधून येणाऱ्या पोराने ते शिकावं तरी कशासाठी?

दोष सगळा गॅरेजांचा नाही. आपणच काउंटरवर जाऊन विचारतो, ‘कुठला पार्ट गेला?’ विचारायला हवं ते हे: कोड उडवण्याआधीची नोंद दाखवता का? बिघाड होतो त्याच परिस्थितीत आकडे पाहिले का? पार्ट खराब आहे हे मोजलं, की मानलं? या तीन प्रश्नांना उत्तरं नसतील, तर पुढे येणारं बिल हा अंदाज आहे, आणि त्या अंदाजाची जोखीम पूर्ण आपली.

सरांनी तपासणीची ओळ वाचली, काही क्षण फोल्डरातल्या आधीच्या बिलांची मनात बेरीज केली असावी, आणि पैसे काढले. मग बिल परत मेस्त्रींपुढे सरकवलं.

‘‘यावर आकडे लिहून द्या. आधी किती होते, कुठे मोजले, नंतर किती झाले.’’

‘‘कशाला सर? गाडी झाली की.’’

‘‘मी गणित शिकवतो. नुसत्या उत्तराला आमच्यात पूर्ण मार्क नसतात.’’

मेस्त्रींनी पेन घेतलं आणि बिलाच्या मागे लिहायला लागले: चढ, तिसरा गियर, पूर्ण दाब, ०.१, बॅटरी १३.९, पंप ११. कपलर बदलल्यावर पंप १३.५. पोराला जवळ बोलावून तो कागद त्याला आधी वाचायला लावला, मग सरांना दिला. पुढच्या बिलापासून हे आकडे पुढच्याच बाजूला, तपासणीच्या ओळीखाली छापून घ्यायचे, असं त्यांनी तिथेच ठरवलं. पैसे कशाचे, हा वाद त्याने मिटेल असा त्यांचा हिशेब आहे.